‘गाव’ या शब्दावर अडलेला प्रकल्प : नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५

बी. ए. तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र विषयात चाळीस पानी प्रकल्प लिहावा लागतो. माझं गाव माण तालुक्यात, कॉलेज साताऱ्यात. प्रकल्प सुरू झाला त्या दिवसापासून एका दोनशेपानी वहीत नोंदी ठेवल्या होत्या, त्या थोड्या नीट करून इथे देते. पुढच्या वर्षी ग्रामपंचायत किंवा संविधान सभा असा विषय घेणाऱ्यांचे काही दिवस तरी वाचावेत, एवढ्यासाठी. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

७ नोव्हेंबर २०२४

आज विद्यार्थी दिन. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचं नाव घातलं गेलं. कॉलेजात कार्यक्रम झाला आणि तिथेच माझा विषय ठरला : ‘ग्रामस्वराज्य : गांधीजी आणि डॉ. आंबेडकर’. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हा विषय चाळीस पानांत मावणार नाही, चार वर्षांतही नाही. एक दिवस धर. एक भाषण धर.” मला ते पटलं नाही. विषय तोच ठेवून घरी आले.

सुरुवातीला माझं मत काय होतं तेही लिहून ठेवते, कारण पुढे त्याचं काय झालं हे पाहायचं आहे. अकरावीत वक्तृत्व स्पर्धेत मी बोलले होते की खेडं स्वयंपूर्ण झालं की देश आपोआप उभा राहील, आणि गावाने गावाचा कारभार पाहणं हीच खरी लोकशाही. बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून ते माझं मत आहे.

१२ नोव्हेंबर

चार पानं लिहून सरांना दाखवली. त्यात बाबासाहेबांचं खेड्याबद्दलचं प्रसिद्ध वाक्य होतं, खेडं म्हणजे कोत्या वृत्तीचं आणि अज्ञानाचं ठिकाण अशा अर्थाचं. सरांनी विचारलं, “हे कुठून घेतलं?” गाईडमधून. “मूळ कुठं आहे?” मला सांगता आलं नाही. होस्टेलवर येऊन आणखी दोन गाईड काढली. तिन्हींत वाक्य वेगळं होतं. एकात ते अर्धंच होतं, एकात पुढे दुसऱ्याच भाषणातलं वाक्य जोडलेलं. तारीख तिघांपैकी एकानेही दिली नव्हती.

चारही पानं बाद. पाच दिवस गेले.

१८ नोव्हेंबर

मूळ सापडलं. ४ नोव्हेंबर १९४८, संविधान सभा. मसुदा मांडताना केलेलं भाषण. संसदेच्या संकेतस्थळावर सगळ्या चर्चा आहेत. छापील हवं असेल तर राज्य शासनाने काढलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या तेराव्या खंडात ते मिळतं. आमच्या ग्रंथालयात हा खंड कपाटात कुलूपबंद होता. ग्रंथपाल मॅडमना दोनदा विनंती केल्यावर तिथेच बसून वाचायला मिळाला.

माझं इंग्रजी वाचन फार हळू आहे. पहिल्या दिवशी तीन पानं झाली. मी प्रत्येक अडलेला शब्द शब्दकोशात पाहत होते, त्यामुळे वाक्याच्या शेवटी आले की सुरुवात विसरायची. तिसऱ्या दिवशी पद्धत बदलली. आधी एक अख्खा परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग तो काय म्हणतो ते मराठीत एका ओळीत लिहायचं, आणि त्यानंतरच शब्द शोधायचे. वेग दुपटीहून जास्त झाला.

गाईडमध्ये जे वाक्य सुटं येतं, त्याच्या आधी बरंच काही आहे. मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातल्या खेड्यांना छोटी छोटी प्रजासत्ताकं म्हटलं होतं : राजवटी कोसळतात, खेडी टिकतात. बाबासाहेब आधी त्याचा उतारा वाचून दाखवतात आणि मग विचारतात, टिकली हे खरं, पण कोणत्या पातळीवर टिकली? नुसतं टिकून राहण्याला किंमत काय? त्यानंतर ते प्रसिद्ध वाक्य येतं. आणि त्याच्याही नंतर जे आहे ते मी कुठल्याच गाईडमध्ये पाहिलं नव्हतं : मसुद्याने खेडं सोडून व्यक्ती हा घटक मानला याचा त्यांना आनंद आहे.

मी बक्षीस घेतलं तेव्हा हे वाचलेलं नव्हतं. दुपारभर दुसरं काही सुचलं नाही.

विषय बदलला. सरांचंच ऐकलं : ‘संविधान सभेतील ग्रामपंचायतविषयक चर्चा, नोव्हेंबर १९४८, आणि एका गावातील ग्रामसभा’.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. सकाळच्या एसटीने गावी गेले. पारावर एक काका म्हणाले, “आपल्या गावाचं ठरलंय बरं का.” कुणाला द्यायचं तेही त्यांनी सांगितलं. असं मी लहानपणापासून ऐकत आलेय, कधी खटकलं नव्हतं. आज रांगेत उभी असताना डोक्यात व्यक्ती आणि घटक हेच चाललं होतं. मत माझं आहे, तर ठरलं ते गावाचं कसं? आणि ठरवायला कोण कोण बसलं होतं? मी नव्हते, आई नव्हती. कुणाला मत दिलं ते इथे लिहिण्याचं कारण नाही. मी माझं माझं ठरवून दिलं.

३० नोव्हेंबर

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया गेला. संविधान सभेतली ४ नोव्हेंबर १९४८ पासून पुढची चर्चा मी पानामागून पान वाचत सुटले. नऊ दिवस गेले आणि त्यातलं बहुतेक माझ्या विषयाचं नव्हतं. असं करू नका. आधी एक तक्ता करा : तारीख, वक्ता, विषय, पान. शोधखिडकीत ‘पंचायत’ आणि ‘व्हिलेज’ हे शब्द इंग्रजीत टाकून पानं काढा. मग त्या पानाच्या मागची-पुढची चार-चार पानं वाचा, म्हणजे बोलणारा नेमका कुणाला उत्तर देतोय ते कळतं.

तक्ता झाल्यावर चित्र स्पष्ट झालं. ५ नोव्हेंबरला ह. वि. कामत बोलले. ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. बाबासाहेबांची ही दृष्टी शहरी विद्वानाची आहे, असं त्यांनी तोंडावर म्हटलं. रंगा, प्रकाशम असे पुष्कळ जण खेड्याच्या बाजूने उभे राहिले. माझं अकरावीतलं भाषण या लोकांच्या जवळचं. पण ८ नोव्हेंबरला बेगम एजाझ रसूल बोलल्या आणि त्यांनी बाबासाहेबांची बाजू घेतली : पंचायतीही हुकूमशाही गाजवू शकतात, नागरिकाचा हक्क समूहापुढे टिकला पाहिजे. सभेत बायका मोजक्याच. त्यातली एक असं म्हणते, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तक्त्यात तिच्या नावापुढे लाल खूण केली.

२२ नोव्हेंबरला संथानम यांनी दुरुस्ती मांडली की राज्याने ग्रामपंचायती स्थापन कराव्यात. बाबासाहेबांनी ती तिथल्या तिथे स्वीकारली. तोच आजचा अनुच्छेद ४०. ज्यांनी खेड्याबद्दल इतकं कठोर मत मांडलं त्यांनीच ही दुरुस्ती न भांडता स्वीकारावी, याचं उत्तर मला मिळेना. वहीत नुसतं ‘का?’ लिहून चौकट केली.

२ डिसेंबर

गावाकडची बाजू सुरू केली. ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताची वही, पाहायला मागितली. “अर्ज करा” म्हणाले. माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्जात लिहिलं : ‘ग्रामसभेला महिलांची उपस्थिती कमी का असते? वस्तीतील पाण्याचा प्रश्न का सुटला नाही?’ असे सात प्रश्न.

१० डिसेंबर

भाषांतर. त्या एका वाक्याला तीन संध्याकाळी लागल्या, पण प्रकल्पात मी सगळ्यात जास्त शिकले ते इथेच.

वाक्यात चार गोष्टी आहेत. ‘सिंक ऑफ लोकॅलिझम’, ‘डेन ऑफ इग्नरन्स’ (अज्ञानाची गुहा), मग ‘नॅरो-माइंडेडनेस’ (कोतेपणा) आणि ‘कम्युनॅलिझम’. ‘लोकॅलिझम’ला मी ‘प्रादेशिकता’ लिहिलं होतं. सर म्हणाले, प्रदेश म्हटलं की विदर्भ, मराठवाडा डोळ्यापुढे येतो. इथे तर एका वेशीच्या आतलं बोलणं चाललंय. शेवटी ‘आपल्या वेशीपुरतं पाहण्याची वृत्ती’ असं केलं. लांब आहे, पण अर्थ तोच आहे. ‘सिंक’ला ‘डबके’.

खरी अडचण ‘कम्युनॅलिझम’ची. मी ‘धर्मांधता’ लिहिलं होतं, कारण वर्गात हा शब्द हिंदू-मुस्लिम प्रश्नासंदर्भातच शिकवला जातो. सरांनी विचारलं, “आपल्याकडे धर्मावरून दंगल झाली तर पेपरवाले काय लिहितात?” जातीय दंगल. “मग?” तेव्हा लक्षात आलं की मराठीतला ‘जातीय’ हा शब्द दोन्ही पोटात घेतो, आणि बाबासाहेब खेड्याबद्दल बोलताना ‘कम्युनिटी’ म्हणतात त्यात जात येणारच. ‘धर्मांधता’ ठेवलं असतं तर वाक्यातून जात निघूनच गेली असती, आणि ती काढून टाकणारी मी असते. ‘जातीयता’ केलं. मूळ इंग्रजी वाक्य परिशिष्टात दिलं.

ही पानं मी माझ्या मैत्रिणीला वाचायला दिली. ती माझ्याच गावची, माझ्याच वर्गात, तिचं घर बौद्धवस्तीत. तिने पानं वाचली आणि पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली. मी लिहिलं होतं : ‘आमच्या गावात पाण्याची सोय चांगली आहे.’ ती म्हणाली, “तू गाव म्हणतेस ते कुठपर्यंत? तुमच्या आळीपासून देवळापर्यंत ना? आमच्याकडं नळ कधी आला माहितीय का तुला?” मला माहीत नव्हतं. एकाच गावात वीस वर्षं राहून मी कधी विचारलंच नव्हतं.

मग माझ्या पानांतला ‘गाव’ हा शब्द मोजला. एकोणीस वेळा आला होता. प्रत्येक ठिकाणी कोणतं गाव ते लिहायचं ठरवलं : गावठाण, वस्ती, मळे. एकोणीसपैकी अकरा वाक्यं तशीच्या तशी खरी राहिली नाहीत. ती काढली.

१९ डिसेंबर

चौकटीतल्या ‘का?’चं उत्तर काही अंशी मिळालं. त्याच मालिकेच्या दुसऱ्या खंडात मुंबई कायदेमंडळातली भाषणं आहेत. ६ ऑक्टोबर १९३२, ग्रामपंचायत विधेयकावरची चर्चा. पुणे करार होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. जुन्या पंचायतींच्या गौरवाला त्यांचा तेव्हाही विरोधच होता, आणि जातीने बांधलेल्या गावाच्या हाती न्यायनिवाडा देऊ नये, असं ते ठणकावून सांगतात. पण त्यांची मागणी पाहा : अस्पृश्य समाजाला पंचायतीत खास प्रतिनिधित्व हवं. गावात हे लोक थोडे असतात, म्हणून नुसता प्रौढ मताधिकार दिला तरी ते निवडून येणार नाहीत.

म्हणजे पंचायत हवी की नको एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. आत कोण बसणार, हाही होता. मी दीड महिना प्रश्न अर्धाच वाचत होते.

मग पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती पुन्हा उघडली. परीक्षेसाठी पाठ केलेली होती : १९९२ साली संमत, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, अनुच्छेद २४३-ड, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा, महिलांना किमान एक तृतीयांश. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांसाठी निम्म्या. पाठ होतं, पण १९३२ शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. मधे साठ वर्षं आहेत. दुसरं प्रकरण पूर्ण नव्याने लिहायला घेतलं.

३० डिसेंबर

अर्जाला उत्तर आलं : ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.’ चूक माझी. या कायद्याखाली ‘का’ विचारून चालत नाही, कागद मागायचा असतो. शिवाय महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत हवा. अठ्ठावीस दिवस गेले. नवा अर्ज दोन ओळींचा केला : ‘अमुक ते अमुक तारखेच्या ग्रामसभा व महिला ग्रामसभांच्या इतिवृत्ताच्या आणि उपस्थिती नोंदवहीच्या छायांकित प्रती मिळाव्यात.’

९ जानेवारी २०२५

काकूची मुलाखत. १९९७ साली ती राखीव जागेवर ग्रामपंचायत सदस्य झाली होती, हे घरात सगळे अभिमानाने सांगतात. मी प्रश्नावली घेऊन बसले. तिसऱ्या प्रश्नाला ती थांबली आणि म्हणाली, “मी गेलेच कुठं सभेला? शिपाई वही घरी आणायचा. चुलीपुढं बसून सही करायचे. भाकरी थापत असले तर त्याला उभं करायचे, हात धुवायचे न् मग सही.” पाच वर्षांत किती सभांना गेली असं विचारलं. “झेंड्याला गेले होते दोन-तीनदा.”

प्रश्नावली बाजूला ठेवली. तिथून पुढे ती जे बोलली ते ऐकून घेतलं आणि रात्री आठवून लिहिलं. समोर कागद धरला की माणसं कागदाला उत्तर देतात. रेकॉर्डिंगची परवानगी आधी मागायला हवी होती. ती राहिली, म्हणून शब्दशः उद्धृतं फक्त तिला वाचून दाखवून, तिने हो म्हटलेलीच घेतली.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान संख्येला, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यापैकी जे कमी ते लागतात. तेवढी माणसं झाली नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून जे काय ठरतं ते मग थोडक्या लोकांत ठरतं. कायद्याने आधी महिला ग्रामसभा व्हायला हवी. बायकांची नोंदवही होती. सभा कधी झाली ते विचारलेल्या एकाही बाईला सांगता आलं नाही.

३१ जानेवारी

प्रती आल्या. ११८ पानं, पानाला दोन रुपये, म्हणजे २३६ रुपये. रात्रभर चाळल्या. पुष्कळ महिला ग्रामसभांत सह्यांचं वळण एकच. ओळीने आठ-दहा नावं, एकाच पेनाने. काकू सांगत होती ती गोष्ट जुन्या काळातलीच राहिलेली नाही.

याच दिवशी तहकूब सभा होती. मी आणि मैत्रीण दोघी गेलो. तिने उठून वस्तीतल्या पाइपलाइनबद्दल विचारलं : किती तास पाणी सोडता, कुणाला किती? सभेत थोडी कुजबुज झाली. सरपंच बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात स्वतः येऊन बघते. त्या आल्याही, हेही नोंदवलंच पाहिजे.

१० फेब्रुवारी

त्या सभेचं इतिवृत्त पाहून आले. मैत्रिणीच्या प्रश्नाची नोंद अशी : ‘पाणीपुरवठ्याबाबत सविस्तर चर्चा झाली.’ नाव नाही, वस्ती नाही, प्रश्नही नाही. मी तिथे बसले होते म्हणून मला कळलं. बाकीच्या ११८ पानांत ‘सविस्तर चर्चा झाली’ किती ठिकाणी आहे ते पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. त्या ओळींवर मी तिसऱ्या प्रकरणात पक्की विधानं केली होती. सगळी विधानं बदलली : ‘चर्चा झाली’ हे काढून ‘इतिवृत्तात चर्चेचा उल्लेख आहे’. वाचायला रुक्ष वाटतं, पण आता जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिलंय.

१७ फेब्रुवारी

टायपिंगचा घोळ. हस्तलिखित डीटीपीवाल्याकडे दिलं होतं. चौतीस पानं, पानाला पंचवीस रुपये, ८५० रुपये. त्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं. छापील प्रत सुरेख आली, पण कॉलेजला वाङ्मयचौर्य तपासायला फाइल हवी होती, आणि ती उघडली की नुसती इंग्रजी चिन्हं. युनिकोडमध्येच हवं, हे आधी सांगायचं असतं. सगळं मोबाइलवर बोलून पुन्हा टाइप केलं, सहा दिवस लागले. बोलून केलेलं टायपिंग दोनदा वाचा. ‘गणपूर्ती’ दर वेळी ‘गणपती’ होत होतं.

२५ फेब्रुवारी

निष्कर्षावरून सरांशी वाद. माझं मत आता पूर्ण उलटं झालं होतं. ग्रामपंचायत ही फसवणूक आहे, काकूची सही हाच पुरावा, असं मी लिहिलं होतं. सर म्हणाले, “हेही भाषणच झालं. आधीचं एका बाजूचं, हे दुसऱ्या.” मला राग आला.

पण माझं लिखाण बदलायला लावलं ते मैत्रिणीने. तिची आई राखीव जागेवरून निवडून आली होती. ती सांगत होती, “पहिलं वर्ष आई खाली बसायची, कुणी खुर्ची देत नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिनं घरून खुर्ची नेली. वस्तीतले दिवे तिच्यामुळं लागलेत. फसवणूक लिहिलंस तर तिनं केलेलं पण पुसलंस.” १९३२ ची मागणी मी दुसऱ्या प्रकरणात मांडली आणि चौथ्यापर्यंत विसरूनही गेले होते. ती मागणी पुरी झाल्यावर काय बदललं, ते माझ्याच वर्गात बाकावर बसलेलं होतं.

निष्कर्ष तीन वेळा लिहिला. अंतिम दीड पान. त्यात दोन्ही घरं आहेत : एका घरी वही आली, एका घरून खुर्ची गेली. दोन्ही राखीव जागाच. फरक कशाने पडला यावर माझ्याकडे दोन मुलाखतींपलीकडे आधार नाही, म्हणून तिथे थांबले.

१८ मार्च

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “तुमचं स्वतःचं मत काय, गांधीजी की आंबेडकर?” मी म्हटलं, “गावाने कारभार करावा असं मला अजूनही वाटतं. पण कोणतं गाव, हे आधी विचारते.” त्यांनी पुढे विचारलं नाही, पान उलटलं. गुण ७४.

खर्च : दोन अर्ज २०, प्रती २३६, वाया गेलेलं टायपिंग ८५०, छपाई आणि तीन प्रतींचं बाइंडिंग ७२०, एसटीचे अर्ध्या तिकिटाचे मिळून ६०० च्या आसपास. वाया गेलेले दिवस धरले तर साडेचार महिन्यांतले जवळपास पन्नास.

२२ मार्च

तीन प्रतींपैकी एक कॉलेजात, एक माझ्याकडे, एक मैत्रिणीच्या आईला दिली. हातात पडताच तिने ती मागून उघडली आणि दिव्यांचं पान शोधलं. वाचता वाचता विचारलं, “हे साल असं कसं?” ३१व्या पानावर घटनादुरुस्ती लागू झाल्याची तारीख २४ एप्रिल १९९२ छापली गेली होती. तिच्यासमोरच निळ्या पेनाने ९३ केलं. सोमवारी कॉलेजची प्रत मागून घेऊन त्यातही करायचं आहे.